कपडा उचलायचा नाही!

"झोपायला काय, रिकामटेकड्यांनाही येतं!" हे आमच्या गल्लीतल्या पाववाल्यांचं ठरलेलं वाक्य. रात्री दुकानात गप्पांचा फड, पहाटे भट्टी आणि मधे जेमतेम डोळा लागला की पुरे! असा एखादा शूरवीर तुमच्या-माझ्या घरातही असतोच.

आज मात्र त्यांचा चेहरा पडला होता. गोड बन सोडले, चहातली साखर सोडली, तरी तपासणीत रक्तातली साखर वाढलेलीच! वडिलांची नजर याच आजारानं गेली होती. पावाचा रंग बघून भट्टीतून काढणाऱ्या माणसाला आणखी कसली भीती वाटणार?

"वहिनी, आता खायचं तरी काय सोडू?"

वहिनी निवृत्त नर्स. दुपारी गल्ल्यावर बसायच्या. "खाणं राहू द्या. जागरण सोडा, भाऊजी."

"साखरेचा नि झोपेचा काय संबंध? उगाच काहीतरी!"

"झोप सतत अपुरी पडली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. साखर रक्तातच रेंगाळते. वर भूक खवळते ती वेगळीच. परवा उभ्या उभ्या ट्रेभर बिस्किटं कुणी फस्त केली?"

पाववाले ओशाळले. तेवढ्यात वहिनींनी मळून ठेवलेल्या पिठावरचा ओला कपडा उचलला.

"अहो, काय करताय! फुगतंय ते! या दुकानात कपडा उचलायचा नाही, माहीत नाही का?"

"नुसतं पडून तर आहे. रिकामटेकडं!"

"पडून? आत केवढं काम चाललंय त्याचं!" पाववाले बोलून गेले.

"मग स्वतःच्या अंगावरची चादर रोज अर्ध्या झोपेतच का उचलता?" वहिनी हळूच म्हणाल्या.

ते पिठाकडे बघत राहिले. उभं आयुष्य या पिठात गेलं, पण आज ते थक्क झाले! कुणी हात न लावता, जराही आवाज न होता, पीठ टोपाच्या काठाशी आलं होतं. आपण घोरत पडलो की आपल्या देहातही असंच काम चालतं? भुकेची, साखरेची घडी बसवली जाते? केवढं हे नवल! आणि आपण ते रोज अर्ध्यावर मोडत आलो! त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून दुकान दिवेलागणीलाच बंद होऊ लागलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, मग सरावली. औषधं चालूच राहिली, पण पुढच्या तपासणीत साखर बरीच उतरली होती.

मंडळी, आपण झोपतो तेव्हाही शरीर आपल्यासाठी राबत असतं. त्याला पुरेसा वेळ देणं आपल्याच हातात आहे.

आता बंद दुकानाची कडी कुणी वाजवलीच, तर वहिनी दारातूनच सांगतात, "भाऊजी झोपलेत. कपडा उचलायचा नाही!"