सत्काराला आधार कार्ड

सत्काराला आधार कार्ड कशाला लागतं, हे राहीबाईंना काही केल्या कळत नव्हतं. धाकटा भाऊ केसरीनाथ फोनवर म्हणाला होता, बाय, येताना कार्ड आण आणि दोन फोटोही आण. राहीबाईंनी फार खोलात न जाता दोन्ही पिशवीत टाकलं. केसरीनाथ गुरुजी म्हणजे आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेला माणूस. त्याला सगळं रीतसर लागतं, एवढं त्यांना माहीत होतं.

सत्कार दापोड्याला होता, म्हणजे त्यांच्या माहेरी. कूळकायद्याने ज्यांच्या घरात जमीन आली, त्या पिढीतली उरलीसुरली माणसं शोधून गावच्या वाचनालयाने त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरवलं होतं. ही कल्पना अर्थातच केसरीनाथ गुरुजींची. कामतघरच्या चाळीत राहीबाईंनी दोन दिवस सगळ्यांना हे सांगून सांगून वात आणला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा प्रितम कापडाच्या ज्या लूमवर कामाला होता ती निम्मा आठवडा बंदच असायची. घरात सांगण्यासारखं दुसरं काही घडतही नव्हतं.

कार्यक्रम भरला एका रिकाम्या गोदामात. गावात आता एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा उरली नव्हती. ज्या वावरात राहीबाईंनी गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली, त्याच्या शेजारचंच हे वावर. आता वर पत्रा, खाली फरशी आणि मागे खोक्यांची चळत. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कसेल त्याची जमीन. बाहेर कंटेनर मागे घेणारा ड्रायव्हर हॉर्न वाजवून प्रत्येक वक्त्याला साथ देत होता.

गुरुजी मात्र छान बोलले. बोलायचेच. त्या काळच्या सरकारने काय काय दिलं ते त्यांनी सांगितलं. राबणाऱ्याला जमीन दिली, गावात शाळा आणली, गरिबाच्या पोराची फी माफ केली. आज त्या सरकारला नावं ठेवायची फॅशन आहे, पण आपण जे दोन वेळ पोटभर जेवतो ते त्यांच्यामुळे, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

राहीबाई मान हलवत होत्या. त्यातलं काही खोटं नव्हतं. सावकाराच्या ओट्यासमोरून जाताना बाप चपला हातात घ्यायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जमीन नावावर झाली त्या आठवड्यात तोच बाप पायात चपला घालून, काही काम नसताना, त्याच गल्लीतून दिवसातून दोनदा गेला होता. छोटी राही त्याचं बोट धरून होती. तेवढ्या एका गोष्टीसाठी त्या सरकारचे सगळे गुन्हे माफ करावेत, असं त्यांना अजूनही वाटे.

पण त्याच वर्षी राहीची शाळा सुटली. जमीन आपली झाली म्हणजे तिची किंमत हप्त्याने सरकारात भरणं आलं, आणि हप्ता भरायचा तर मजूर कुठून आणणार. राही चौथीत होती, हाताला चपळ होती. बाप म्हणाला, आता आपल्याच वावरात जायचं हाय, परक्याच्या थोडंच? ती हसत गेली. केसरीची फी माफ झाली आणि तो शिकत राहिला. गुरुजी भाषणात म्हणाले, "आमच्या घरात शिकलेला मी पहिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहीबाईंचे हात टाळीसाठी वर आले आणि मध्येच थांबले. त्याच हातांनी त्यांनी पदर सारखा केला.

शाल मिळाली, फोटो झाला, मग घरी जेवण. गुरुजींच्या सुनेने, करिष्माने, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण केलं होतं. जेवण झाल्यावर तिने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि राहीबाईंना त्यावर बसायला सांगितलं. ताटात साडी, खण, नारळ आणि तांदूळ. राहीबाई मागे सरकल्या. विधवेची ओटी कोणी भरत नाही.

"माझ्या घरात असले नियम नाहीत," गुरुजी म्हणाले. "बस बाय."

नवरा गेल्यापासून त्यांच्या पदरात कोणी मूठभर तांदूळ घातले नव्हते. राहीबाईंना रडूच फुटलं. आपला भाऊ शाळेत जाऊन निदान हे तरी शिकला, या विचाराने मघाचं भाषण त्यांनी मनातल्या मनात माफ करून टाकलं. साडी चांगली भारी होती, जांभळी, जरीच्या काठाची.

घरी सोडायला भाच्याने, गुरुजींच्या कुणालने, गाडी काढली. गुरुजीही पुढच्या सीटवर बसले. एवढ्याशा अंतरासाठी गाडी कशाला, रिक्षाने जाते, असं राहीबाई म्हणत होत्या, पण कोणी ऐकलं नाही. अंजूरफाट्याच्या अलीकडे नेहमीप्रमाणे सगळं ठप्प झालं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला एक आडवा घुसलेला टेम्पो. कुणाल सारखा घड्याळ बघत होता आणि स्टेअरिंगवर बोटं आपटत होता. शेवटी त्याने आरशातून मागे पाहिलं.

"आत्या, आधार कार्ड आणलंस ना? रजिस्ट्रीत ओरिजिनल लागतं."

राहीबाईंना आधी काही कळलं नाही. मग पाट आठवला, रांगोळी आठवली, भारी साडी आठवली, आणि सगळं एकदम कळलं. चाळीतल्या चार बायकांनी आपापल्या तोंडाने हे सांगितलेलं होतं. बहिणीने हक्क सोडायच्या दिवशी भावाने तिला गोडधोड घालायचं, पाटावर बसवून ओटी भरायची, साडी द्यायची आणि गाडीत घालून सहीला न्यायचं. जितकी जमीन मोठी तितकी साडी भारी. त्या बायका सांगत तेव्हा राहीबाई म्हणायच्या, माझा भाऊ तसला न्हाय.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सही करायला सांगितली याचा राग होताच. त्याहून जास्त राग त्या ओटीचा होता. तेवढी एक गोष्ट खरी असायला हवी होती.

गुरुजी मागे न बघताच समजावू लागले. ते सत्काराचं गोदाम आपल्या वावरात वाढवायचं आहे, गोदामवाली पार्टी थांबायला तयार नाही, आणि बापाच्या जमिनीवर वारस म्हणून तुझंही नाव आहे. तू म्हातारी, कुठे फेऱ्या मारशील, म्हणून एकाच दिवशी दोन्ही कामं उरकावी असं वाटलं. कुणालचा स्वर निराळा होता. त्याने त्या जुन्या सरकारवरच तोंड सोडलं. जमीन दिली ती दिली, वर अटी घालून ठेवल्या. कूळकायद्याची जमीन म्हटली की आजही परवानगीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, आणि पुढच्यांनी त्यात मुलींना वाटा देऊन आणखी घोळ घातला. आमच्या पायात बेड्या घालून गेले सगळे, असं तो म्हणाला. ज्या जमिनीच्या जिवावर ही गाडी घेतली, त्या जमिनीबद्दल तो बोलत होता.

"तू गप रे," गुरुजी त्याच्यावर खेकसले. मुलाने त्या सरकारला नाव ठेवलेलं त्यांना सहन होत नसे. भर वाहतुकीत त्यांनी त्याला पुन्हा तेच सांगायला सुरुवात केली. तुझ्या आजोबांना माणूस कोणी केलं? बाईला बापाच्या मिळकतीत हक्क कोणी दिला?

राहीबाई पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून वाकल्या. "केसरी, मना सांग. त्या जमिनीत माझा हक्क हाय का न्हाय?"

"आहेच ना बाय," गुरुजी अगदी मनापासून म्हणाले. "कोण नाही म्हणतंय? म्हणून तर सही लागते."

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. शाळेतल्या पोराच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यावं, तसं त्यांनी ते दिलं होतं. राहीबाई त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिल्या. या मानेला तापात त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्याचा त्या सगळ्यावर खराच विश्वास होता, फक्त ते आपल्या घरातल्या बहिणीलाही लागू होतं हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"शाळेतून काढलं तवा मना कोनी इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या. "लगीन ठरवलं तवा न्हाय. बाप गेला, वाटण्या झाल्या, तवा पन न्हाय. आज पयल्यांदा इचारतोस, ते बी कायद्यानं इचारायला लावलंय म्हनून. तर माझं उत्तर ऐक. मी सही करनार न्हाय."

कुणालने स्टेअरिंगवर हात आपटला. पार्टी हातची जाईल, तुला हे कोणी शिकवलंय, प्रितमचं काम दिसतंय हे, असं तो बरंच बोलला. राहीबाई भावाकडेच बघत होत्या. त्यांचं बोलणं भावाशी चाललं होतं. गाडी वळवायलाही जागा नव्हती, आणि पुढेही जाता येत नव्हतं. भांडण होऊन गेलं तरी तिघांना एकाच गाडीत, एकमेकांचे श्वास ऐकत बसणं भाग होतं.

मग गुरुजी मागे वळून बोलले. भाषणातली शुद्ध भाषा गळून पडली होती. लहानपणी वावरात तिच्यामागे धावणारा केसरी बोलत होता.

"बाय, असं करशील तर उद्या माहेरी कोनच्या तोंडानं येशील?"

राहीबाईंचे डोळे भरून आले. हेच ते होतं, ज्याला चाळीतल्या त्या चारही बायका घाबरल्या होत्या. त्यांनी सह्या करून माहेर वाचवलं होतं. दिवाळीला त्यांना भाऊ न्यायला येत. राहीबाईंना आता कोणी न्यायला येणार नव्हतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि ते दुःख इतकं होतं की क्षणभर सही करून टाकावी असं वाटलं.

"माहेरी न्हाय येनार," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर येईन."

गुरुजींनी मान खाली घातली. पुढचा कंटेनर थोडा हलला, आणि कुणालने गाडी रजिस्ट्रीऐवजी कामतघरकडे घेतली.