पहिल्या रांगेच्या पुढे

"चौथी रांग? माझी छत्री चौथ्या रांगेत?" सासूबाईंनी टॉवेलांची पिशवी वाळूवर आपटली.

किनाऱ्यावरच्या भाड्याच्या छत्र्या सांभाळणारा फाउस्तो माझ्या नवऱ्याकडे बघत राहिला. नवरा, म्हणजे रेन्झो, चपलेतली वाळू झटकण्यात भलताच गुंग झाला.

या किनाऱ्यावर समुद्रालगतची पहिली रांग वशिल्याने मिळत नाही. ती वर्षानुवर्षं एकाच घराकडे असते; त्यांनी सोडली, तरच मागचं कुटुंब पुढे सरकतं. हिवाळ्यात सासरे गेले आणि रेन्झोने आईला न विचारता फोनवरच आमची पहिल्या रांगेतली जागा सोडून दिली.

"आई, तुझे गुडघे बघ. इथे सावली आहे, बाथरूम जवळ आहे."

"गुडघे माझे आहेत. ते तुझ्याकडे रडत आले होते का?"

"देल्फीनाबाई, आता ती जागा बेर्तीनींना दिली हो," फाउस्तो म्हणाला. "बिचारे किती वर्षं वाट बघत होते."

"कशाची वाट बघत होते ते कळलं मला!"

पहिल्या रांगेत बेर्तीनीबाईंची कलिंगड कापणारी सुरी थांबली.

मला रेन्झोचा असा राग आला! या बाईने तिकडे बोलोन्या शहरात जन्मभर लाँड्रीत लोकांचे शर्ट इस्त्री केले. ऑगस्टमधले पंधरा दिवस समोर कुणाचीही पाठ नसलेला समुद्र, एवढीच तिची चैन.

सासूबाईंनी घडीची खुर्ची काखेत मारली. चौथी रांग, तिसरी, दुसरी ओलांडली. बेर्तीनीबाईंना "सुखात राहा" म्हणाल्या आणि थेट ओल्या वाळूत, लाटांच्या तोंडाशी खुर्ची उघडून बसल्या.

फाउस्तोने शिट्टी फुंकली. "तिथे बसायचं नाही! येण्याजाण्याची वाट आहे ती!"

"मग या की, जा की! मी कुणाला धरून ठेवलंय?"

फिरायला निघालेली माणसं हसत त्यांना वळसा घालून जाऊ लागली. रेन्झो धावत गेला, मागोमाग मी. "आई, अख्खा किनारा बघतोय!"

"बघू दे. आजपासून त्यांनी माझी पाठ बघायची."

फाउस्तोने शिट्टी खिशात टाकली. लाट आली, खुर्चीचा एक पाय खचला. त्या हलल्या नाहीत. रेन्झोही मग मुकाट्याने स्वतःची खुर्ची घेऊन आला आणि त्यांच्या उजवीकडे उघडू लागला.

"तिथे नको," समुद्रावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "ती तुझ्या बाबांची बाजू आहे. तू इकडे बस."