खुशालरावांचं ब्रेक ऑईल

खुशालराव कृषी खात्यातून रिटायर झाले, पण त्यांचं भाषण काही रिटायर झालं नाही. तीस वर्षं त्यांनी गावोगाव फवारणीच्या औषधांबद्दल एकच पाढा म्हटला होता: बाटलीवरचं वाचा, मापानं टाका, एकात दुसरं मिसळू नका. आता ऐकायला घरची माणसं उरली होती, आणि दारातली जुनी फियाट. ती बिचारी निदान उलटून बोलत नव्हती.

साल दोन हजार सहा. रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या, सकाळी पेपर उघडायची भीती वाटावी, असे वऱ्हाडातले दिवस. अकोल्याच्या जठारपेठेत खुशालराव मात्र पेपर बाजूला सारून गाडी पुसत बसायचे. सरफराज मिस्त्रीनं तिच्या डॅशबोर्डवर एक कागद चिकटवला होता. इंजिन ऑईल तीन हजार किलोमीटरला, ब्रेक ऑईल दोन वर्षांनी, रेडिएटरात कूलंट, पीयूसी दर सहा महिन्यांनी. खाली लाल पेननं ठळक लिहिलं होतं, ‘ब्रेकमध्ये दुसरं तेल टाकू नये.’ खुशालराव त्याला सरफराजचं पंचांग म्हणायचे आणि पंचांगासारखंच मानायचे, म्हणजे घरात कार्य निघालं तरच त्यात डोकवायचे.

आणि कार्य निघालं होतं. लेक चंदा पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून माहेरी यायची होती. “माही पोरगी एसटीत धक्के खात येनार नाई. माह्या गाडीत येईन,” असं खुशालरावांनी व्याह्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं. उद्या सकाळी तिला आणायला निघायचं होतं.

त्यासाठी आठ दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईल कमी दिसलं. दुकानं बंद होती. घरात भावाच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल अर्धी बाटली पडलेलं. तेल ते तेल, म्हणत साहेबांनी ओतलं आणि वर मिशीवरून हात फिरवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आज पीयूसी करायला निघाले, तर गाडी पुढं जायला तयार नाही. चाकं तापलेली, जळका वास सुटलेला. कशीबशी सेंटरवर नेली, तर तिथला माणूस म्हणाला, “काका, गाडी आहे का चूल?” त्यानं पीयूसी करायलाच नकार दिला. तसेच रखडत ते सरफराजच्या गॅरेजात पोचले.

सरफराजनं चाक फिरवून पाहिलं. “साहेब, ब्रेक पकडून राहिला. यात काही टाकलं काय?”

“काय टाकन? बाटलीतलं टाकलं.”

“कोनत्या बाटलीतलं?”

“आता आठवत नाई बा.”

सरफराज भला माणूस. “तुमी तं वाचल्याबिगर टाकत नाई म्हना,” तो म्हणाला. “मंग ब्रेक सेट करून देतो. उद्या बिनधास्त जा चंदाताईले आनाले.”

खुशालराव स्टुलावर बसले. आठवत नाई! हेच शब्द नोकरीच्या शेवटच्या वर्षी चांदूर बाजारच्या नत्थुजी नावाच्या शेतकऱ्यानं म्हटले होते. फवारणी करून गरगरला, दवाखान्यात आणला. डॉक्टर विचारत होते की पंपात काय काय मिसळलं, आणि हा म्हणे आठवत नाई. खुशालराव अख्ख्या वॉर्डासमोर त्याच्यावर ओरडले होते, “लाज कायची धरतं? सांग ना लेका!” नत्थुजी वाचला, पण पुढे खुशालराव दिसले की रस्ता बदलायचा. माणसाला उपकाराची जाण नाही, असं खुशालराव तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले.

समोर सरफराज पाना घेऊन गाडीखाली सरकत होता. उद्या याच गाडीत चंदा बसणार, पोटुशी. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर पुढं ट्रक, मागं ट्रक. नुसते दोन शब्द सांगायचे होते.

“सरफराज, थांब,” ते शेवटी ओरडलेच. “म्या ट्रॅक्टरचं तेल टाकलं.”

सरफराज बाहेर आला. त्यानं आधी साहेबांकडे पाहिलं, मग डॅशबोर्डवरच्या कागदाकडे. “वाचलं नवतं काय?”

“वाचलं होतं ना बाप्पा! वाचून टाकलं.”

सरफराजला हसू आवरेना. खुशालरावांनाही आवरेना, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या तेलानं ब्रेकमधली रबरं फुगली होती. सगळी बदलायची, म्हणजे दोन दिवसांचं काम. त्यांनी तिथूनच चंदाला फोन लावला.

“पोरी, तुहा बाप गाढव निघाला. उद्या गाडी येत नाई.”

चंदा हळूच म्हणाली, “बाबा, रागावू नका. आमी उद्याच्या रेल्वेचं रिझर्वेशन आधीच करून ठेवलं होतं. आईले माहीत आहे.”

“मंग मले काहून नाई सांगितलं?”

“कोन सांगन तुमाले, बाबा? सारेच भितेत.”

तीस वर्षांत पहिल्यांदाच खुशालरावांनी भाषण न देता विचारलं, “मी स्टेशनावर आलो तं चालन काय?”

“या ना बाबा,” चंदा म्हणाली. “ऑटोनं या.”