पुढं पळणारं घड्याळ

घड्याळवाल्याच्या दुकानात भिंतीवरची सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत, आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. "माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही," असं तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. अशी वाक्यं ऐकवणाऱ्या माणसांवर खरं तर लक्ष ठेवायला हवं, पण गल्लीतल्या कुणाला तशी गरज वाटली नाही.

त्याची एकुलती एक मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. विषय पदार्थविज्ञान. बारावीत इतके छान गुण मिळाले तेव्हा त्यानं मनातल्या मनात तिला त्याच कॉलेजात प्राध्यापक करून टाकलं होतं, दुपारी घरी जेवायला येणारी. आणि एके दिवशी ही बया चहा पिताना म्हणाली, "बाबा, मी सैन्यात जाणार आहे."

"आधी पदवी," तो म्हणाला.

"पदवी घेऊनच जाणार. अधिकारी व्हायचं तर ती लागतेच. आमच्या कॉलेजात छात्रसेनेची तुकडी आहे. अभ्यास आणि कवायत बरोबरच चालते. फक्त आत शिरायला धावण्याची परीक्षा द्यावी लागते."

झालं. त्याच्या भात्यातला एकुलता एक बाण तिनं अगोदरच काढून घेतला होता. आईनं तर त्याच दिवशी तिचं नाव कॅप्टन ठेवलं. "कॅप्टन, अंथरूण स्वतःहून काढणार, की त्यालाही वरून हुकूम यावा लागतो?"

शेवटी घड्याळवाल्यानं अट घातली. परीक्षेआधी ठरलेल्या वेळेत धावून दाखवायचं. जमलं तर तुकडीत जा, नाही जमलं तर हा विषय बंद. मुलगी लगेच हो म्हणाली. वेळ कोण मोजणार हा प्रश्नही कुणी विचारला नाही. घरात वैद्य असताना औषधाला बाहेर कोण जातं?

आता पुढचं सांगायला त्याच्या वतीनं मलाच लाज वाटते. त्यानं जुनं चावीचं स्टॉपवॉच उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्यानं किंचित आखडून बांधली. काटा हळूच पुढं पळायला लागला. फार नाही, पण धावणाऱ्या पोरीला मागं टाकण्यापुरता. आपण खोटं बोललो नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बोलेल ते घड्याळ.

रोज सकाळी मैदानावर ती धावायची आणि तो काटा बघून म्हणायचा, "अजून थोडं बाकी आहे गं." ती मान डोलवायची. एक दिवससुद्धा कुरकुरली नाही. गुडघे चोळत घरी यायची, पुस्तकं उचलायची आणि कॉलेजला पळायची. आई म्हणायची, "लेक्चरला झोपत असशील." ती म्हणायची, "उभ्याउभ्या झोपायचा सराव आहे, सैन्यात लागतो."

मग एका संध्याकाळी ती जेवायला बसली ती तोंड पाडूनच. कॉलेजात प्रयोग होता. दोऱ्याला गोळी टांगायची, तिचे झोके मोजायचे आणि त्यावरून पृथ्वीची ओढ किती ते काढायचं. प्रयोगशाळेतली स्टॉपवॉच सगळ्यांना पुरत नाहीत, म्हणून हिनं मोठ्या ऐटीत घरचं नेलं होतं.

"सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. माझंच कमी. तीनदा केलं, तीनदा कमी. सर म्हणाले, तुमच्या टेबलापाशी पृथ्वी रजेवर गेली आहे का?"

आईला हसू आवरेना. घड्याळवाल्याला ठसका लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"घड्याळ बिघडलं असेल," तो पाण्याचा घोट घेत म्हणाला.

"सरही तेच म्हणाले. मी म्हटलं, सर, पृथ्वी चुकेल, आमच्या बाबांचं घड्याळ चुकणार नाही. दोरा मोजायला मीच चुकले असणार." ती भात चिवडत राहिली. "परवा याच प्रयोगाची परीक्षा आहे. मैदानातही जमत नाही आणि इथंही. माझा आवाका नाही बहुतेक. हा विषय बंद केलेलाच बरा."

महिनाभर त्याला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, आणि त्यानं ताट बाजूला सारलं. तो हात धुऊन, स्टॉपवॉच घेऊन तडक खाली दुकानात गेला आणि ती स्प्रिंग होती तशी सोडवून ठेवली.

सकाळी मैदानावर पोरगी धावली. रोजच्यासारखीच, जास्त जोरात नाही. शेवटची फेरी संपवून, कमरेवर हात ठेवून, ती रोजचं वाक्य ऐकायला उभी राहिली.

"बसलीस वेळेत," तो म्हणाला. "चांगली आरामात."

"एका रात्रीत?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. "एका रात्रीत नाही. पहिल्या आठवड्यापासून बसत होतीस. स्टॉपवॉच मी पुढं पळतं केलं होतं."

मग तिनं जे विचारलं ते त्याला अजिबात अपेक्षित नव्हतं. "म्हणजे दोरा मी बरोबर मोजला होता?"

"तंतोतंत."

"आणि मी सरांशी तुमच्यासाठी भांडले." ती खाली गवतात बसली. हसावं की रडावं, तिचं ठरत नव्हतं. "बाबा, मी जाऊ नये असं वाटत होतं तर नुसतं म्हणायचंत. एवढी कारागिरी कशाला?"

"म्हटलं असतं तर तू राहिली असतीस," तो म्हणाला. "मग मी अडवलं म्हणून राहिलेली मुलगी मला रोज जेवताना समोर दिसली असती. ते नको होतं. मला वाटलं, घड्याळानंच नाही म्हणावं."

ती राहिली असती हे खरं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मग आता?"

"आता जा," तो म्हणाला. "पण पदवी घेऊन जा."

"तीन वर्षं आहेत अजून, बाबा. आत्तापासून काय चेहरा करताय?"

पण त्याचे डोळे भरून आलेच. तिनं ते पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, आणि न सुटलेली नाडी बराच वेळ बांधत राहिली.