कियाख्त्याची घासाघीस

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. चीन-रशियाच्या सीमेवरल्या कियाख्त्यात मात्र पेकिंग आणि पीटर्सबर्ग भांडले, की मान आम्हा चहावाल्यांचीच मुरगळली जाई. त्या सकाळी आमच्या अंमलदारांनी शान्शी प्रांतातून आलेल्या आम्हा सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावून सांगितलं, उद्यापासून सीमेचा दरवाजा बंद. किती वर्षं, ते बादशहालाच ठाऊक. आज नेहमीसारखा व्यापार करायचा, रशियनांना सुगावा लागू द्यायचा नाही. जो बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी खोडा.

माझे भागीदार हौ युनशान पांढरेफटक पडले. आमच्या बाजूला बाईमाणसाला मनाई होती. पण पलीकडे कातडी विकणारी विधवा आग्राफेना होती आणि तिची सहा वर्षांची दुन्या हौंचीच लेक होती. सगळ्या बाजाराला माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आता एका शब्दाचा निरोपही न घेता तिला सोडायचं! असले हुकूम काढणाऱ्यांना लेकरं नसतात का?

दुपारी आम्ही पलीकडे गेलो. अंमलदारांचा माणूस त्सौ गोचिडासारखा बरोबर.

"या, चिक्कूशेठ!" आग्राफेना दोन गठ्ठे पुढे ढकलत म्हणाली. "या खारींच्या कातड्यांना चहाच्या बारा विटा."

दाबून केलेल्या चहाच्या एका विटेसाठी ही दोघं अख्खी दुपार भांडत. दुन्याला ती गंमत वाटे. ती मधोमध येऊन बसली.

"बारा तर बारा," हौ म्हणाले.

आग्राफेना त्यांच्याकडे बघतच राहिली. हा माणूस पहिल्या भावाला कधीच हो म्हणाला नव्हता. तिचा हात दुन्याच्या डोक्यावर गेला. तिला कळलं होतं. पण त्सौनंही मान वर केली होती.

"बारा एका गठ्ठ्याचे!" ती एकदम ओरडली. "दोन्ही उचलताय होय? लुटायला आलात?"

हौंना क्षणभर उमगेना. मग तेही ओरडले, "एकाचे बारा? खारी आहेत की वाघ?"

"वाघ परवडला तुमच्यापेक्षा!"

दुन्या खिदळली. त्सौनं जांभई दिली.

सौदा ठरला की उठावं लागणार होतं, म्हणून दोघंही एक वीट सोडेनात. आवाज बसले, डोळे वाहू लागले, तरी भांडतच होते. शेवटी आम्ही परतायचा, सूर्यास्ताचा नगारा झाला.

दुन्यानं हौंची बाही ओढली. "चहाकाका, आज कुणीच नाही जिंकलं. उद्या तुम्ही जिंका हं."

"उद्या," हौ म्हणाले.