उजव्या नडगीची साक्ष

मी एका फुटबॉल विंगरच्या उजव्या पायाचा शिनगार्ड. तुम्ही मला ओळखणार नाही. हजारो माणसं माझ्यासमोर बसून सामने बघून गेली, पण मी कुणाला दिसलो नाही, कारण माझा सगळा जन्म मोज्याच्या आत गेला. नडगीवर बसायचं, समोरच्या संघाच्या बचावातल्या बॅकची लाथ आपल्या अंगावर घ्यायची आणि मालकाला लागू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. चौदा वर्षं ते मी इमानाने केलं. त्याबद्दल कुणी शाबासकी द्यावी म्हणून मी बोलत नाहीये. माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती आता तिथे मावत नाही.

मी दुकानातला माल नव्हे. माझ्या मालकाची थोरली बहीण इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. मोडलेल्या, वाकड्या पायांसाठी आधार, पट्टे, पाय ताठ धरणाऱ्या कमानी तिथे बनायच्या. एकोणिसाव्या वर्षी भावाला पहिल्या क्लबने घेतलं, तेव्हा तिने त्याला जेवणाच्या सुट्टीत बोलावून घेतलं, स्टुलावर बसवलं आणि दोन्ही नडग्यांवर ओलं प्लास्टर थापून साचे काढले.

"हलू नकोस रे. दोन मिनिटं एका जागी बसवत नाही तुला."

"विंगर एका जागी बसला की कोच शिव्या घालतो, ताई."

त्या साच्यांवरून आम्ही दोघे जन्मलो, डावा आणि उजवा. काळं कडक प्लास्टिक, आतून फोम, मागे दोन पट्टे. लहानपणी सायकलवरून पडून त्याच्या उजव्या नडगीला उंचवटा आला होता. ताईने तेवढ्यापुरता माझ्या आत खळगा ठेवला. पहिल्यांदा पायावर चढलो तेव्हा मला वाटलं, मी याच्या हाडाचाच भाऊ आहे.

विंगरचं आयुष्य तुम्हाला वाटतं तसं नसतं. तो साइडलाइनला चिकटून उभा असतो. बॉल दुसरीकडे, खेळ दुसरीकडे, आणि हा हात वर करून "इकडे, इकडे" ओरडतोय. नव्वद मिनिटांत जेमतेम दहा वेळा बॉल मिळतो. त्यातले चार क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेले बॉल, बॅकच्या पोटाला लागतात, तीन गोलीच्या हातात जातात. उरलेल्या तिनांवर त्याचं पोट चालतं. बॅक लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते पहिल्या पाच मिनिटांतच येऊन माझ्यावर एक सणसणीत लाथ घालतात. ओळख करून घ्यायची ही त्यांची रीत. मला राग नव्हता. मार खाण्यासाठीच जन्मलो होतो.

पहिल्या क्लबने दीड वर्षात नारळ दिला. मग दुसरा, मग तिसरा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं बॅगेत होतं. प्रत्येक गावात भाड्याची खोली, कपाटात आधीच्या खेळाडूचा एखादा मोजा, भिंतीवर त्याने मारलेला खिळा. प्रत्येक ठिकाणी कोच पहिल्या दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुझ्याभोवती संघ उभा करायचाय मला." वर्षाअखेर तोच कोच मान वर न करता म्हणायचा, "तू डोक्यात आहेस आमच्या, पण सध्या..." त्या 'पण सध्या'च्या पुढचं आम्हाला कधी ऐकावं लागलं नाही. कामापुरता मामा, दुसरं काय. तिसऱ्या क्लबात पोरांनी त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं. ते नाव मात्र त्याच्याबरोबर पुढचे चारही क्लब फिरलं.

लग्न झालं. बायको शाळेत शिकवायची. दोन बदल्या तिने सोसल्या, दोनदा नोकरी सोडून नवी शोधली. तिसऱ्या वेळी तो बॅग भरायला बसला तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "तुझे मोजे घडी करून भर. मला नाही भरता येणार तुला त्यात." भांडण झालं नाही. ती तिच्या गावात राहिली आणि हा सुट्टीत तिच्याकडे जायला लागला. पाहुण्यासारखाच.

एकच दिवस सोन्याचा म्हणावा असा आला. पाचव्या क्लबात, वरच्या गटात जायचा सामना. शेवटची तीन मिनिटं. दोघांना चकवून त्याने असा क्रॉस टाकला की पुढच्याला फक्त डोकं लावायचं होतं. सगळं मैदान वेडं झालं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गोल मारणाऱ्याचा मोठा फोटो होता, आणि फोटोच्या कडेला आमच्या मालकाचं कोपर. ते कात्रण त्याने पाकिटात ठेवलं. पुढच्याच महिन्यात क्लबने पुन्हा "पण सध्या" म्हटलं.

तेहेतिसाव्या वर्षी तो आपल्या गावच्या क्लबात परतला. ताईच्या घरापासून मैदान दहा मिनिटांवर. त्याला वाटलं, आता इथेच दोन वर्षं खेळू आणि मानाने थांबू. पण त्याच वर्षी क्लबात बावीस वर्षांचा एक विंगर आला होता. केस सतत डोळ्यांवर, म्हणून सगळे त्याला 'झिपऱ्या' म्हणायचे. पोरगा गुणी. पहिल्या दिवसापासून याच्या मागेमागे.

"दादा, तुमचा क्रॉस शेवटी खाली कसा येतो हो? माझा सरळ गॅलरीत जातो."

"बॉलकडे बघतोस म्हणून. पायाखालच्या जमिनीकडे बघ."

माझ्या मालकाने त्याला सगळं शिकवलं. पाऊल कुठे टेकायचं, बॅकच्या कोणत्या खांद्याकडे धावायचं. हातचं काही राखलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. महिनाभरात झिपऱ्याचा क्रॉस खाली यायला लागला.

हंगामाच्या तोंडावर कोचने दोघांना बोलावलं. म्हणाला, "विंगवर एकच जागा आहे. शनिवारच्या प्रॅक्टिस मॅचनंतर ठरवतो." कोच वाईट माणूस नव्हता. खरं ते सांगून टाकणारा होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी खरं सांगितलं, आणि तेच सोसवलं नाही.

शनिवारी दोघे समोरासमोर आले. झिपऱ्याने गार्ड घातले नव्हते. मोजे घोट्यापर्यंत गुंडाळलेले. प्रॅक्टिसच तर आहे, म्हणून. पहिल्यांदा तो माझ्या मालकाला डावीकडून टाकून गेला. दुसऱ्यांदा उजवीकडून, आणि तेही आम्हीच शिकवलेल्या युक्तीने. बेंचवरून कुणीतरी ओरडलं, "पाहुणे, रिक्षा बोलवू का?" सगळे हसले. झिपऱ्याही हसला. त्यात कुत्सितपणा नव्हता, पोर होतं, हसलं.

तिसऱ्यांदा तो आला. यापुढचं मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे त्या क्षणी मला आणि मालकालाच कळलं. झिपऱ्याने बॉल पुढे ढकलला. बॉल आमच्या पायाच्या टप्प्यातून निघून गेला. त्यानंतर पाय मागे घ्यायला वेळ होता. मोठ्या खेळाडूला तेवढा वेळ पुष्कळ असतो, असे शेकडो पाय त्याने आयुष्यात मागे घेतले होते. नडगीचे स्नायू आवळतात तेव्हा मला सगळ्यात आधी कळतं. ते आवळले ते थांबण्यासाठी नव्हते. पाय तसाच पुढे गेला आणि मी, कडक प्लास्टिकचा मी, त्या पोराच्या उघड्या नडगीवर आपटलो.

हाड मोडल्याचा आवाज मैदानाच्या पार टोकाला ऐकू गेला असणार. कारण तिथला गवत कापणारा माणूसही मशीन बंद करून बघायला लागला.

माझा मालकच पहिला खाली बसला. झिपऱ्याचं डोकं त्याने मांडीवर घेतलं, "स्ट्रेचर आणा रे" म्हणून ओरडला. ते नाटक नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. कोच म्हणाला, "होतं खेळात." सोमवारी माझ्या मालकाला वर्षाचा करार मिळाला.

दर गुरुवारी तो इस्पितळात जायचा. बरोबर फळं, जुनी क्रीडा मासिकं. सरावातून थेट जायचा, तेव्हा मीही बॅगेत असायचो. झिपऱ्याचे बाकीचे मित्र दोन आठवड्यांनी यायचे थांबले.

"तुम्ही एकटेच येता, दादा," तो म्हणायचा. "चूक माझीच. गार्ड घातले असते तर काही झालं नसतं."

"तसं नसतं रे," एवढंच मालक म्हणायचा, आणि संत्रं सोलत बसायचा.

हाड वाकडं जुळलं. पायाला कमान बसवायची ठरली आणि झिपऱ्या ताईच्याच वर्कशॉपमध्ये गेला. रविवारी भाऊ जेवायला आला तेव्हा ताईने ताट वाढलं, आणि ती समोर बसून राहिली.

"तो पोरगा काल येऊन गेला. मी सहज विचारलं, कसं लागलं? म्हणाला, बॉल तर पुढे गेला होता ताई, मग दादांचा पाय आला. तक्रार नव्हता करत. आठवून सांगत होता."

"घाईत कळत नाही ताई. सेकंदाचा खेळ असतो."

"त्याला कळलं नसेल. तुला?"

तो जेवत राहिला. ताई उठली, कोपऱ्यातल्या बॅगेतून तिने मला काढलं. माझ्या कडेला त्या शनिवारपासूनचा तडा होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला. माणसांच्या मोडक्या पायांत तिने वीस वर्षं घालवली होती, तिला आणखी काही विचारायची गरज नव्हती.

"पट्टा सैल झालाय," ती म्हणाली.

"बदलून देतेस?"

"नाही. दुसरीकडे बघ कुठे."

त्यानंतर ती त्याच्या एकाही सामन्याला आली नाही. घर दहा मिनिटांवर होतं.

आणि ज्यासाठी हे सगळं, तो हंगाम कसा गेला? नऊ सामने, तेही उत्तरार्धात बदली म्हणून. गोल एकही नाही. क्रॉस मारायच्या आधी तो खाली बघायचा आणि तिथेच अडकायचा. झिपऱ्याची जागा बळकावली खरी, पण ती त्याला एकदाही भरता आली नाही. वर्षाअखेर कोचने बोलावलं, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "कळलं. जातो."

निरोपाचा छोटा समारंभ झाला. तोपर्यंत क्लबने झिपऱ्याला तिकिटांच्या खिडकीवर नोकरी दिली होती. तो कमानीवर टेकत मालकाजवळ आला.

"दादा, ऑफिसात काचेचं कपाट केलंय. जुन्या खेळाडूंच्या वस्तू ठेवायच्यात. तुमचे गार्ड द्याल? मीच मागून घेतो म्हटलं सगळ्यांना."

मालकाने मला हातात घेतलं. मग म्हणाला, "ऐक, तुला एक सांगायचं होतं."

"बोला ना."

मागून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. दोघे शेजारी उभे राहिले, हसले. फोटो झाल्यावर मालक म्हणाला, "काही नाही. तब्येतीला जप." आणि आम्हा दोघा गार्डना झिपऱ्याच्या हातात देऊन निघून गेला. नंतर तो कुठे गेला, बायकोच्या गावी की आणखी कुठे, मला माहीत नाही.

आता मी काचेआड आहे. खाली कार्ड आहे, झिपऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: 'ज्यांनी आम्हाला घडवलं.' शाळेची मुलं क्लब बघायला येतात तेव्हा तो त्यांना माझ्यासमोर उभं करतो, आपली विजार वर ओढून कमान दाखवतो आणि सांगतो, "गार्ड घातल्याशिवाय मैदानात उतरू नका रे. मी मूर्खपणा केला, तो तुम्ही करू नका." मुलं गंभीर होऊन मान हलवतात. दर वेळी तो स्वतःला नव्याने दोषी ठरवतो, आणि दर वेळी मला ते ऐकावं लागतं.

मला आता झीज नाही, मार नाही, घाम नाही. मजेत आहे असं बघणाऱ्याला वाटेल. पण तुम्ही कधी तिकीट काढायला त्या खिडकीशी गेलात, तर माझ्यासाठी एवढं करा. सुटे पैसे घेताना जरा वाकून त्या पोराला सांगा, की बाबा रे, तुझं काही चुकलं नव्हतं.