मेलेला भोंगा

आमच्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त होत नाहीत, गाड्यांचे भोंगे दुरुस्त होतात. चोर जवळपास नसताना गाडी कोकलायला लागली की लोक आमच्याकडे येतात. त्यात स्पोर्ट्स कारवाले जास्त. साध्या गाडीचा भोंगा बिघडला तर माणूस त्याची वायर तोडतो आणि गप झोपतो. स्पोर्ट्स कारवाल्याला ते जमत नाही. गाडीतली प्रत्येक वस्तू चालू असलीच पाहिजे असा त्याचा हट्ट असतो, मग ती गाडी महिनाभर कापडाखाली झाकलेली का असेना.

भोंगे बाबा तपासतात. बाकीचं मी करते. आई पुढच्या टेबलावर बसून फोन घेते आणि तिचा तो जाड, भरदार आवाज ऐकून पलीकडचा माणूस तिला हमखास 'सर' म्हणतो. माझा आवाज त्याच्या अगदी उलट, पातळ आणि उंच. लहानपणी मी हाक मारली की शेजारची कुत्री उठून बसायची, असं आई सांगते.

या महागड्या गाड्यांच्या भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने गाडीची मोठी बॅटरी तोडली तरी भोंग्याने पोटातल्या बॅटरीवर बोंब ठोकावी, म्हणून ती सोय. वर्षं गेली की ही बॅटरी गळते, आणि मग भोंगा एकतर उगाच ओरडतो, नाहीतर कायमचा गप्प होतो. तपासायची पद्धत सोपी आहे. पाठीमागचा खटका बंद करून भोंगा काढायचा, टेबलावरच्या शिकंज्यात पकडायचा, वीज द्यायची, खटका चालू करायचा. वीज असेपर्यंत तो शांत. मग वायर उपटायची. ओरडला तर पोटातली बॅटरी जिवंत, नाही ओरडला तर मेला. निकाल काहीही असो, खटका पुन्हा बंद करून मगच भोंगा बाहेर आणायचा.

हे काम गाद्यांच्या खोलीत चालतं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी तक्रारी करून आमचा पिच्छा पुरवला, तेव्हा बाबांनी मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. दार लावलं की आतला भोंगा बाहेर ऐकू येत नाही, त्यात पुढे कॉम्प्रेसर चालू. बाबा एकटेच आत जातात. कानात कापसाचे बोळेसुद्धा घालत नाहीत. मरायला टेकलेल्या बॅटरीचा आवाज शेवटी जरासा घसरतो, ते उघड्या कानालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या वर्षी मी तपासणीचा कॉम्प्युटर घेऊया म्हटलं, तर म्हणाले, कान शाबूत आहेत तोवर मी आहे, कान गेले की त्या दिवशी गॅरेजची किल्ली तुझ्या हातात. बाबांनी दिलेला शब्द मोडलेला मी पाहिलेला नाही. म्हणून मी कॉम्प्युटरचा विषय सोडून दिला.

त्यानंतर मात्र ते माझ्याकडे दुर्लक्ष करायला लागले. मी काही विचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर वळून बघणं नाही. आईने तेच विचारलं की लगेच उत्तर. इंजिनाची जराशी घरघर झाली की मान तिकडे. म्हणजे कान ठणठणीत, फक्त मी नकोशी. मला त्याचा राग होता आणि मी तो काही लपवला नाही.

अशात दातांच्या डॉक्टरची पांढरी गाडी आली. जमिनीला टेकलेली, दोन दारांची, आत बसायला अर्धं झोपावं लागतं अशी. दवाखान्याच्या आवारात ती वाटेल तेव्हा कोकलायची. बाबा भोंगा घेऊन गाद्यांच्या खोलीत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "मेला." त्या महिन्यात बाबांनी बरेच भोंगे मेलेले ठरवले होते. मला वाटलं, गाड्याच जुन्या येताहेत. मी नवा बसवला. डॉक्टरने जुना परत मागितला. मी पेशंटला उपटलेला दात देतो, म्हणाला, तसा तुम्ही मला भोंगा द्या. आम्ही कागदात गुंडाळून दिला.

आठवड्याने तो परत आला तेव्हा त्याच्या बोटाला भली मोठी पट्टी होती. गाडी अजून कोकलत होती, ही पहिली तक्रार. दुसरी तक्रार बोटाची. मेलेला भोंगा खरंच मेलाय का, हे बघायला त्याने दवाखान्यात तो एका बॅटरीला जोडून खटका चालू केला. काही झालं नाही. म्हणून एक बोट पेशंटच्या तोंडात असतानाच दुसऱ्या हाताने वायर काढली. भोंग्याने तिथे बोंब मारली. पेशंटने तोंड मिटलं.

"तुम्ही चांगला दात उपटलात," डॉक्टर म्हणाला. "एकतर तुम्ही लबाड आहात, नाहीतर तुम्हाला काम येत नाही. यातलं खरं कुठलं, ते सांगा."

आईचा चेहरा लाल झाला. बाबा एका गाडीखाली झोपले होते. डॉक्टरचा आवाज आईसारखाच खर्जातला, त्यामुळे त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. हात पुसत बाहेर आले. चिडले नाहीत. आत चला, म्हणाले, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो.

खोलीत आम्ही तिघं. बाबांनी भोंगा शिकंज्यात आवळला, वायर जोडली, खटका चालू केला, थोडं थांबले आणि वायर उपटली.

भोंगा असा ओरडला की माझे दातसुद्धा दुखले. मी कान झाकले. डॉक्टरने कान झाकले, पट्टीच्या बोटासकट. बाबा भोंग्याकडे मान वाकडी करून, अगदी लक्षपूर्वक बघत उभे राहिले. मग आमच्याकडे वळले.

त्यांचे ओठ हलले. शब्द मला ऐकू आला नाही, पण तो कुठला होता हे कळलं. "मेलाय."

आम्ही कान का झाकलेत, हे त्यांना कळेना. डॉक्टरचा राग मात्र जागच्या जागी गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलणार नव्हता, बोलायचं होतं मला. मी 'हो, मेलाय' म्हणून मान डोलवली असती, तर किल्ली बाबांकडेच राहिली असती, पण उद्या पुन्हा कुणाचा तरी चांगला भोंगा मेला असता, आणि पुढचा माणूस डॉक्टरइतका शहाणा निघाला नसता. खरं सांगितलं असतं, तर बाबांनी आजच किल्ली काढून दिली असती. मला ती किल्ली नको होती. वर्षभर मी या माणसावर रुसून बसले होते आणि त्या क्षणी मला तो हवं तेवढं दुर्लक्ष करणारा, पण या खोलीत उभा असलेला हवा होता.

 मी कानावरचा हात काढला, बाबांचा तळवा धरला आणि भोंग्यावर टेकवला.

त्यांनी हात तसाच ठेवला. मग दुसऱ्या हाताने वायर जोडली. भोंगा गप्प झाला. वायर उपटली. भोंगा ओरडला. परत जोडली, परत उपटली. एका तपासणीवर निकाल द्यायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. शेवटी वायर जोडून ठेवली आणि खोली शांत झाली.

"भोंगा चांगला आहे," ते डॉक्टरला म्हणाले. "दोष माझ्या कानात आहे. चूक झाली."

डॉक्टर हळहळला. भांडायला आलेल्या माणसाला हळहळायची वेळ आली की तो फार बोलतो, तसा तो बोलत राहिला. वर्षानुवर्षं असल्या आवाजात राहिलं की असंच होतं, म्हणाला. उंच, पातळ आवाज आधी जातात. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. कानाच्या डॉक्टरकडे जा, आपल्या ओळखीचा आहे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे हिचा आवाज पण," ते म्हणाले. "मला वाटायचं, कॉम्प्युटर घेतला नाही म्हणून ही रागावलीय. तोंडातल्या तोंडात पुटपुटते. म्हटलं, राग जाईल तेव्हा बोलेल."

मी खोलीतून बाहेर गेले आणि कॉम्प्रेसरपाशी उभी राहून रडले. कॉम्प्रेसर चालू होता, त्यामुळे अडचण आली नाही.

पांढऱ्या गाडीचा खरा दोष बाबांनीच शोधला, डोळ्यांनी. पुढचं झाकण लागलंय की नाही हे सांगणारं बटण गंजलं होतं. झाकण बंद असूनही गाडीला ते उघडं वाटायचं. आम्ही बटण बदललं, जुना भोंगा परत बसवला आणि नवा काढून घेतला. डॉक्टर जाताना बाबांना वाकून नमस्कार करणार होता, पण गाडीत शिरायलाच त्याला इतकं वाकावं लागलं की तेवढ्यावर भागलं.

तो गेल्यावर बाबांनी खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि माझ्या हत्यारांशेजारी ठेवली. दिलेला शब्द. नंतर पाठ फिरवून ते नळावर हात धुवायला लागले, नेहमीपेक्षा बराच वेळ.

मी म्हटलं, ही किल्ली उचला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. वरच्या मजल्यावरची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. बाबा हात धूत होते.

मग मी घसा साफ केला, हनुवटी छातीला लावली आणि आईचा आवाज काढला, पार पोटातून.

"बाबा."

पुढच्या टेबलावरून आईने विचारलं, कोण साहेब आलेत. बाबांनी नळ बंद केला आणि लगेच मागे वळले. वर्षभरात पहिल्यांदा, एका हाकेत.

"किल्ली खिशात ठेवा," मी त्याच आवाजात म्हटलं. "उद्यापासून भोंगे मी ऐकणार. हात तुम्ही लावायचा."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती उचलून खिशात टाकली.

"बरं," ते म्हणाले. "पण एवढं ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला."